रुग्णांची तुलना कोणाशी?

पुण्याच्या पश्चिमेला मुळशी तालुक्यात असलेले लवळे हे गाव आज शिक्षणसंस्थांमुळे ओळखले जाते. टेकडीवर सिम्बायोसिस विद्यापीठाचे संकुल आहे. तेथे जीवशास्त्राचे अध्ययन-संशोधन चालते, रुग्णालय व संशोधन केंद्रही आहे. फ्लेम विद्यापीठही लवळ्याचेच. आसपास मुळशीतील पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती, पलीकडे पिरंगुटचे कारखाने आणि तेथे दूरदूरच्या जिल्ह्यांतून व राज्यांतून आलेले कामगार, तर दुसऱ्या अंगाला बावधन आणि हिंजवडीकडची नवी गृहसंकुले. काही किलोमीटरच्या परिघात इतक्या वेगवेगळ्या मुळांची माणसे एकत्र आलेली असताना, रोगांच्या जनुकीय कारणांचा शोध घेणाऱ्याला हा परिसर सोयीचा वाटला तर नवल नाही. मात्र या सोयीतच अशा संशोधनाचा सर्वांत मोठा धोका दडलेला असतो.

उदाहरणादाखल अशी कल्पना करता येईल. एखाद्या संशोधकाला मधुमेहाशी निगडित जनुके शोधायची आहेत. (असा अभ्यास लवळ्यात झाला आहे, असे मुळीच नव्हे, परिस्थिती समजण्यापुरतेच हे उदाहरण.) आसपासच्या गावांतून बाह्यरुग्ण विभागात येणारे पाचशे मधुमेही तो निवडतो. तुलनेसाठी पाचशे निरोगी माणसे हवीत. ती शोधायला लांब जाण्याची गरज नाही. वसतिगृहात देशाच्या सर्व राज्यांतून आलेले तरुण विद्यार्थी आहेत, ते सुशिक्षित आहेत, संमतिपत्रावर स्वाक्षरी करून रक्त द्यायला तयार आहेत. आठवडाभरात नमुने गोळा होतात, खर्च नगण्य होतो आणि संगणक काही जनुकांपुढे ठळक आकडे दाखवू लागतो. हे आकडे मधुमेहाविषयी काहीतरी सांगत आहेत की केवळ मुळशीचा शेतकरी आणि देशभरातील विद्यार्थी यांच्या पूर्वजांतील फरक सांगत आहेत, हे ओळखण्याचा कोणताही मार्ग त्या संशोधकाकडे उरलेला नसतो.

पद्धत सोपी, अट कठीण

रोग आणि जनुके यांचा संबंध शोधण्याची सर्वाधिक प्रचलित पद्धत तत्त्वतः अगदी सोपी आहे. मानवी डीएनएमध्ये लाखो ठिकाणी माणसामाणसांत एखाद्या अक्षराचा फरक असतो. असा विशिष्ट फरक रुग्णांमध्ये किती टक्के आढळतो आणि रोग नसलेल्यांमध्ये किती टक्के, हे मोजायचे. रुग्णांमध्ये तो लक्षणीय प्रमाणात अधिक असेल, तर त्या जनुकाचा किंवा त्याच्या शेजारच्या भागाचा रोगाशी संबंध असावा, असे अनुमान काढायचे. रोग नसलेल्या या दुसऱ्या गटाला संशोधनाच्या परिभाषेत ‘कंट्रोल’ म्हणतात. मराठीत त्याला तुलनागट म्हणणे अधिक अर्थवाही ठरेल.

या अनुमानामागे एक अट गृहीत धरलेली असते. रोग वगळता दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे असले पाहिजेत. अधिक काटेकोरपणे सांगायचे तर, तुलनागटातील माणसाला उद्या तो रोग झाला असता तर तो याच अभ्यासात रुग्ण म्हणून आला असता, इतका तो रुग्णांच्या लोकसमूहातला असला पाहिजे. ही अट मोडली की काय होते, हे साध्या अंकगणिताने दाखवता येते.

समजा, ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन लोकसमूह आहेत. डीएनएतील एक निरुपद्रवी फरक ‘अ’मध्ये ४० टक्के लोकांत आणि ‘ब’मध्ये १० टक्के लोकांत आढळतो. त्याचा रोगाशी कसलाही संबंध नाही. रुग्णगटात ८० टक्के माणसे ‘अ’ समूहातील आली आणि २० टक्के ‘ब’मधील, तुलनागटात नेमके उलट झाले. मग हा फरक रुग्णांमध्ये ३४ टक्के आणि तुलनागटात १६ टक्के दिसेल. सांख्यिकीच्या भाषेत संबंधाची तीव्रता सुमारे २.७ पट भरेल. प्रत्यक्षात ती शून्य आहे. गटांतील माणसांची संख्या वाढवली, तर ही चूक कमी होत नाही. उलट तिच्यावरचा विश्वास वाढतो.

महाराष्ट्रातील परिचित उदाहरणाने हेच सांगता येईल. सिकलसेलचे जनुक नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या काही भागांतील विशिष्ट समाजांत बरेच आढळते, इतरत्र विरळ. कुपोषित मुलांचे नमुने नंदुरबारमधून आणि सुदृढ मुलांचे पुणे शहरातून घेतले, तर कुपोषणाचे जनुक म्हणून सिकलसेलचेच जनुक पुढे येईल. हा निष्कर्ष हास्यास्पद आहे, हे चटकन कळते, कारण सिकलसेल परिचयाचा आहे. अपरिचित जनुकाच्या बाबतीत असे हसू कोणाला येत नाही. तो निष्कर्ष छापला जातो.

अॅरिझोनाचा धडा

अशी फसगत केवळ पुस्तकी नाही. अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यातील पिमा आदिवासींमध्ये मधुमेहाचे प्रमाण अतिशय मोठे आहे. विल्यम नोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समाजातील व त्यांच्या निकटच्या समाजातील ४,९२० जणांची पाहणी केली. रक्तातील प्रतिद्रव्यांशी संबंधित एक विशिष्ट जनुकीय खूण ज्यांच्यात होती त्यांच्यात मधुमेह सुमारे ८ टक्के, तर ती नसलेल्यांत सुमारे २९ टक्के आढळला. ही खूण मधुमेहापासून संरक्षण देते, असा निष्कर्ष वरवर पाहता अटळ होता. परंतु ती खूण युरोपीय वंशाच्या लोकांत सर्रास आढळणारी होती. ज्यांच्या पूर्वजांत युरोपीय अंश अधिक, त्यांच्यात ती अधिक आणि मधुमेह कमी, एवढाच त्याचा अर्थ होता. पूर्वजांतील या मिश्रणाचे प्रमाण लक्षात घेऊन आकडे पुन्हा मांडले, तेव्हा संरक्षणाचा आभास विरला. १९८८ साली प्रसिद्ध झालेला हा शोधनिबंध तुलनागटाच्या निवडीविषयी आजही आवर्जून शिकवला जातो.

शेजारी राहूनही दूर

अमेरिकेत हा धोका मिश्र पूर्वजांमुळे निर्माण झाला. भारतात तो निराळ्या कारणाने निर्माण होतो आणि अधिक खोल आहे. येथे एकाच गावात, एकाच आळीत राहणारे लोकसमूह शतकानुशतके आपापल्या जातीतच विवाह करत आले आहेत. भौगोलिक अंतर शून्य असले, तरी जनुकीय अंतर मोठे असू शकते.

याची जाणीव पुण्याला नवी नाही. डेक्कन कॉलेजमध्ये संशोधन करणाऱ्या इरावती कर्वे यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदू समाजावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात असे प्रतिपादन केले होते, की एका नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्व पोटजाती एकाच मूळ जातीची शकले आहेत, असे मानणे चुकीचे आहे. महाराष्ट्रातील कुंभारांसारख्या एकाच व्यवसायाच्या समाजातही एकमेकांत विवाह न करणारे अनेक गट असतात आणि त्यांची मुळे वेगळी असू शकतात. १९६८ साली त्यांनी आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील समान सामाजिक दर्जाच्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. डीएनए वाचण्याची साधने हाती येण्यापूर्वीचे हे काम होते. जनगणनेतील किंवा शासकीय प्रवर्गातील एक नाव म्हणजे जीवशास्त्रीय दृष्ट्या एक गट नव्हे, हा त्याचा इशारा मात्र आजच्या जनुकशास्त्रालाही लागू पडतो.

पुढे डीएनएच्या पुराव्याने हे चित्र अधिक स्पष्ट केले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांनी मिळून राबवलेल्या भारतीय जनुकवैविध्य प्रकल्पाने २००८ साली ५५ लोकसमूहांतील १,८७१ व्यक्तींच्या ७५ जनुकांतील ४०५ फरकांची माहिती मांडली आणि समूहासमूहांत लक्षणीय तफावत असल्याचे दाखवले. २००९ साली हैदराबादच्या ‘सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी’ या संस्थेने अमेरिकी संशोधकांसह २५ समूहांचा अभ्यास केला. भारतीय समूहांमधील जनुकीय अंतरे युरोपातील समूहांमधील अंतरांपेक्षा मोठी असल्याचे त्यातून निष्पन्न झाले. ‘भारतीय रुग्ण’ आणि ‘भारतीय तुलनागट’ एवढे लिहिले की तुलना योग्य झाली, ही समजूत त्यानंतर टिकणारी नव्हती.

वयाचा आणि वॉर्डाचा प्रश्न

पूर्वजांतील फरक खोटे संबंध निर्माण करतो. तुलनागटाच्या निवडीतील दुसऱ्या चुका खरे संबंध झाकतात. वसतिगृहातील विशीतला विद्यार्थी आज निरोगी आहे. परंतु पन्नाशीत त्याला मधुमेह होणार नाही, याची खात्री नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि १५.३ टक्के जणांना मधुमेहपूर्व अवस्था आहे. इतक्या सर्वसामान्य रोगाच्या अभ्यासात तरुणांचा तुलनागट घेणे म्हणजे उद्याच्या रुग्णांना आजचे निरोगी म्हणून मोजणे होय. प्रौढांनाही केवळ ‘तुम्हाला साखर आहे का’ असे विचारून भागत नाही, कारण अनेकांना आपला मधुमेह ठाऊकच नसतो. रक्तातील साखर तपासूनच माणूस तुलनागटात घ्यावा लागतो.

तिसरी सोय म्हणजे रुग्णालयातील दुसऱ्या विभागाचे रुग्ण तुलनेसाठी घेणे. मधुमेह नाही, पण हृदयविकारासाठी दाखल झाला आहे, अशा माणसात मधुमेहाशीही निगडित असलेली काही जनुके अधिक असण्याचा संभव असतो. रुग्णालयात कोण येते आणि कोण येत नाही, यावरच काही संबंध निर्माण होतात वा नाहीसे होतात, हे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ सालीच दाखवून दिले होते.

चौथी चूक प्रयोगशाळेतील आहे. अमेरिकेतील शतायुषी व्यक्तींच्या अभ्यासावरून दीर्घायुष्याचे भाकीत करणारी जनुकीय सूत्रे सापडल्याचा दावा २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. शतायुषी आणि तुलनागट यांचे डीएनए सर्वस्वी एकाच प्रकारच्या चिपवर वाचलेले नव्हते, असे टीकाकारांनी निदर्शनास आणले. २०११ साली तो निबंध मागे घ्यावा लागला. रक्त काढण्यापासून संगणकात नोंद होईपर्यंत दोन्ही गटांना समान वागणूक मिळणे, हासुद्धा तुलनागट निवडण्याचाच भाग आहे.

पुण्यातील अनुभव

नीट निवडलेला स्थानिक तुलनागट काय देऊ शकतो, हे पुण्यातच पाहायला मिळते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एफटीओ’ या जनुकाचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. त्यात १,४५३ मधुमेही आणि पुण्याच्याच सर्वसाधारण लोकसमूहातील १,३६१ जण होते. युरोपात हे जनुक वजन वाढवते आणि वाढलेल्या वजनामुळे मधुमेह होतो, असे दिसले होते. वजनाचा हिशेब केला की मधुमेहाशी असलेला थेट संबंध तेथे उरत नव्हता. पुण्यात मात्र वजनाचा हिशेब करूनही तो संबंध पुसला गेला नाही. कमी वजनाच्या भारतीयांनाही मधुमेह का होतो, या प्रश्नाशी जोडलेले हे निरीक्षण आहे. युरोपातील आकडे आयात करून ते हाती लागले नसते.

दुसरे उदाहरण थेट उपचारांशी निगडित आहे. इन्सुलिनवाचून जगणे अशक्य असलेला पहिल्या प्रकारचा मधुमेह आणि सर्वसामान्य दुसऱ्या प्रकारचा मधुमेह यांत काही रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांचीही गल्लत होऊ शकते. हा भेद ओळखण्यासाठी युरोपात जनुकीय गुणांकन तयार झाले. ते भारतीयांना लागू पडते का, हे पाहण्यासाठी केईएम, हैदराबादची संस्था आणि ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठ यांनी पुण्यातील पहिल्या प्रकारचे २६२ रुग्ण, दुसऱ्या प्रकारचे ३५२ रुग्ण आणि ३३४ निरोगी व्यक्तींची तुलना केली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षानुसार गुणांकन येथेही उपयोगी आहे, परंतु अचूकता युरोपपेक्षा किंचित कमी आहे. तिन्ही गट एकाच प्रदेशातले असल्यामुळेच हा निष्कर्ष विश्वासार्ह ठरतो.

हृदयाच्या स्नायूंच्या विकाराशी निगडित ‘एमवायबीपीसी३’ या जनुकातील २५ अक्षरांच्या लोपाचे उदाहरणही बोलके आहे. रुग्ण आणि तुलनागट यांच्यातील फरक दिसल्यावर संशोधक तेथेच थांबले नाहीत. त्यांनी दुसऱ्या रुग्णगटात तो पुन्हा तपासला आणि शिवाय देशातील १०७ लोकसमूहांतील ६,२७३ व्यक्तींत त्याचे प्रमाण पाहिले. हा लोप सुमारे ४ टक्के भारतीयांत आढळतो, हे २००९ साली जाहीर झालेले निरीक्षण त्या व्यापक पडताळणीतून आले.

उसना तुलनागट

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. प्रत्येक रोगासाठी नवा तुलनागट उभा करणे गरीब देशाला परवडणार कसे? ब्रिटनमध्ये २००७ साली सात रोगांच्या सुमारे १४ हजार रुग्णांसाठी तीन हजार जणांचा एकच सामाईक तुलनागट वापरला गेला. त्यातील निम्मे १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्यांच्या दीर्घकालीन पाहणीतले आणि निम्मे रक्तदाते होते. दोन्ही भागांत फारसा फरक नाही, हे आधी तपासले गेले. युरोपबाह्य वंशाचे नमुने वगळण्यात आले. तो प्रयोग यशस्वी झाला, पण त्यामागे तुलनेने एकजिनसी लोकसंख्या होती. तीच युक्ती विचार न करता येथे वापरणे धोक्याचे ठरेल.

सांख्यिकी दुरुस्त्या आहेतच. हजारो जनुकीय खुणांवरून प्रत्येक व्यक्तीचे पूर्वज-अंश मोजून हिशेबात घेण्याची रीत २००६ पासून सर्वत्र रूढ झाली. आईवडिलांकडून आलेल्या जनुकांपैकी कोणते रुग्ण अपत्याकडे गेले आणि कोणते गेले नाही, याची तुलना करण्याची १९९३ पासूनची पद्धत तर बाहेरच्या तुलनागटाची गरजच टाळते. मात्र उतारवयात होणाऱ्या रोगांत रुग्णाचे आईवडील हयात असतातच असे नाही. पूर्वज-अंशांच्या दुरुस्तीलाही मर्यादा आहे. रुग्ण सर्व ‘अ’ समूहातील आणि तुलनागट सर्व ‘ब’ समूहातील असेल, तर रोग आणि समूह वेगळे करणे कोणत्याही गणिताला शक्य नसते.

केंद्र सरकारच्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने ८०हून अधिक लोकसमूहांतील सुमारे दहा हजार व्यक्तींचे संपूर्ण जनुकवाचन केले आणि जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांसाठी खुली झाली. कोणता फरक कोणत्या समूहात किती आढळतो, हे समजण्यासाठी हा साठा मोलाचा आहे. परंतु त्याला आयता तुलनागट मानण्याचा मोह टाळावा लागेल. रुग्णांचा समूह त्यात पुरेशा संख्येने आहे का, वय जुळते का, वाचनाची पद्धत सारखी आहे का, हे तपासल्यावाचून केलेली तुलना म्हणजे लवळ्याच्या कल्पित वसतिगृहाचीच मोठी आवृत्ती ठरेल.

किंमत कोणाला?

हा वाद केवळ शास्त्रज्ञांपुरता नाही. थुंकीच्या नमुन्यावरून हृदयविकार, मधुमेह, कर्करोग यांचा धोका सांगणाऱ्या चाचण्या आता शहरांत सहज विकत मिळतात. त्यांच्या अहवालातील ‘जोखीम दुप्पट’ हा आकडा कुठल्या तरी रुग्णगट-तुलनागटाच्या अभ्यासातूनच आलेला असतो. तो अभ्यास सदोष असेल किंवा सर्वस्वी परक्या लोकसमूहावरचा असेल, तर निरोगी माणूस नाहक भीतीत जगेल आणि ज्याला खरोखर धोका आहे तो निर्धास्त राहील. चुकीच्या जनुकामागे पुढची संशोधने धावतात, तेव्हा सार्वजनिक पैसा जातो. आणि एखाद्या समाजाची केवळ ओळख सांगणारी खूण ‘रोगाचे जनुक’ म्हणून जाहीर झाली, तर त्या समाजावर विनाकारण कलंक लागतो.

येथे एक नाजूक अडचण आहे. पूर्वज जुळवायचे तर जात, पोटजात, आईवडिलांचे मूळ गाव विचारावे लागते. हा प्रश्न सुशिक्षितांना अप्रिय वाटतो आणि पिढ्यान्‌पिढ्या अवहेलना सोसलेल्यांना तर तो संशयास्पद वाटणे स्वाभाविक आहे. त्यावर उपाय प्रश्न टाळणे हा नाही. ही माहिती कशासाठी हवी आहे हे देणाऱ्याला त्याच्या भाषेत समजावणे, ती गोपनीय राखणे आणि निष्कर्ष मांडताना समाजाच्या नावावर शिक्का बसणार नाही याची काळजी घेणे, हाच तो उपाय आहे. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे माहितीपूर्ण संमती आणि गोपनीयता यांवर भर देतात, ते याचसाठी.

योग्य मार्ग अज्ञात नाही. शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांची लोकसंख्या-नोंद केईएमच्या वढू येथील ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने २००२ पासून ठेवली आहे. अशी नोंद असली की रुग्ण ज्या घरांतून येतात, त्याच गावांतून त्यांच्याच वयाचे तुलनेचे साथीदार चिठ्ठ्या टाकून निवडता येतात. मुळशीसारख्या झपाट्याने बदलणाऱ्या तालुक्यात अशी नोंद उभारणे हे कोणत्याही महागड्या यंत्राइतकेच संशोधनाचे साधन आहे. त्याला वेळ लागतो, दारोदार फिरावे लागते आणि त्यातून लगेच शोधनिबंध निघत नाही. म्हणूनच अनुदान देणाऱ्या संस्थांनी आणि नैतिक समित्यांनी प्रस्ताव हाती घेताच, रुग्ण किती आणि चिप कोणती हे विचारण्याआधी, तुलनागट कोठून आणणार आणि तो रुग्णांच्याच लोकसमूहातला आहे हे कशावरून, असे विचारले पाहिजे. त्याचे समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर गावकऱ्यांच्या दंडात सुई टोचण्याचा अधिकारही त्या प्रस्तावाला मिळू नये.